मदरबोर्ड, १ नग

घरातला कॉम्प्युटर मंद झाला की डॉक्टर शोधायला बाहेर जावं लागत नाही, ते घरातच निघतात. आमच्याकडे निदानावरूनच मतभेद झाले. अण्णांच्या मते तो मुलाच्या गेम्समुळे बिघडला. मुलाच्या मते अण्णा रोज सकाळी उघडतात त्या सुप्रभातच्या व्हिडिओंमुळे. बायकोच्या मते तो बिघडलेलाच नव्हता, माणसांना धीर उरलेला नाही एवढंच. माझं मत कुणी विचारलं नाही, कारण मी तो नुसता वापरतो.

वापरतो म्हणजे सोसायटीचा खजिनदार या नात्यानं मेंटेनन्सचा हिशेब त्यावर ठेवतो. बटण दाबायचं, दाढी करायची, आंघोळ उरकायची, देवापुढे उदबत्ती लावायची. तोवर पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आपलं काम निष्ठेनं करत असत. मग एक्सेलवर क्लिक करून चहा घ्यायचा. थकबाकीची शीट उघडेपर्यंत एखादा सभासद थकबाकी भरून मोकळा झालेला असे. आमच्या सोसायटीत थकबाकी कोणत्या वेगानं भरली जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आमच्या कॉम्प्युटरच्या वेगाची कल्पना यावी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. इथं लिव्हर ओढला की तिकडे लांब सिग्नलचा हात पडलाच पाहिजे, या शिस्तीत त्यांची नोकरी गेली. माउस दाबून काहीच घडत नाही म्हणजे त्यांच्या हिशेबी चौकशी समितीच नेमायला हवी. त्यात त्यांनी कुठंतरी वाचून ठेवलेलं की १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या कॉम्प्युटरची कामाची मेमरी जेमतेम चार केबी होती. दुर्दैवानं हे खरं आहे.

"चार केबीत ती माणसं चंद्रावर जाऊन आली," अण्णा म्हणाले, "आणि चार जीबीत तुला अठ्ठावीस ब्लॉकचा हिशेब उघडता येत नाही?"

"चंद्रावर थकबाकीदार नव्हते, अण्णा."

या वादात रविवारी जेवायला आलेला मेहुणा पडला. मेहुणा शेअर बाजारात असतो, म्हणजे मोबाइलवर. मटारउसळीची दुसरी वाटी संपवत तो म्हणाला, "भावोजी, रॅम टाका."

या दोन शब्दांचा असा गुण आहे की ते उच्चारायला काहीही माहीत असावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र आपल्याला काहीच माहीत नाही याची जाणीव होते. मी मान डोलावली. चूक केली म्हणत नाही. त्या क्षणी मान डोलावण्याखेरीज माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून मी रॅम टाकणार आहे ही बातमी सोसायटीत पसरली आणि जिन्यात सल्ले भेटू लागले. समोरच्या ब्लॉकमधले काका म्हणाले, आठ जीबी घ्या, डोक्याला ताप नाही. वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "काका, सोळाच्या खाली आता कुणी बोलत नाही." तळमजल्यावरच्या मावशींनी कंपनीचं नाव सांगितलं, कारण त्यांच्या जावयानं तीच घेतली होती. जावई न्यू जर्सीत आहे. सेक्रेटरींनी, जे एरवी लिफ्टच्या दुरुस्तीवर सहा महिने मत देत नाहीत, उभ्या उभ्या "बत्तीसशेचीच घ्या" असं सांगितलं. बत्तीसशे रुपये की बत्तीसशे आणखी काही, हे विचारायच्या आत ते लिफ्टनं वर गेले. ती त्या दिवशी चालू होती.

एकानंही, शपथेवर सांगतो, एकानंही असं विचारलं नाही की तुमच्या डब्यात आत्ता आत काय आहे?

मग मी रात्री जागून अभ्यास केला. वयाच्या पन्नाशीनंतर मिळालेलं ज्ञान माणसाला शांत झोपू देत नाही, म्हणून ते इथं थोडं वाटून टाकतो. रॅम ही एक गोष्ट नाही, ते घराणं आहे. पहिली डीडीआर साधारण २००० सालची. २००३ ला डीडीआर टू आली, २००७ ला थ्री, २०१४ ला फोर दुकानांत पोचली आणि २०२० साली फाइव्हची नियमावली निघाली. या पिढ्यांचं एकमेकींशी अजिबात जमत नाही. थ्रीला दीड व्होल्ट लागतात, फोर १.२ मध्ये भागवते. थ्रीच्या पट्टीला २४० पिना, फोरच्या पट्टीला २८८. गंमत म्हणजे दोन्हींची लांबी एकच, १३३.३५ मिलिमीटर, लांबून पाहिलं तर जुळ्या बहिणी. फरक असतो तो खालच्या कडेला कापलेल्या खाचेत. हे सगळं ठरवणारी जेडेक नावाची जागतिक संस्था आहे आणि ती दर पिढीत ती खाच किंचित सरकवते. उद्देश हा, की चुकीची पट्टी बसूच नये. जेडेकच्या सभासदांपैकी कुणी डोंबिवलीत राहून गेलेला दिसत नाही, नाहीतर 'बसूच नये' यावर त्यांनी इतका विश्वास टाकला नसता.

याच वाचनात मला एक गोष्ट सापडली आणि ती मी उत्साहाच्या भरात बायकोला सांगितली. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड या गृहस्थांना १९६८ साली ज्या मेमरीचं पेटंट मिळालं, तीच आजही सगळीकडे चालते. तिच्यातला एकेक कण म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून तिला दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळं पुन्हा आठवून द्यावं लागतं. नाहीतर ती विसरते.

बायको दूध तापवत होती. वळून न पाहता म्हणाली, "सेकंदाला पंधरा वेळा सांगितल्यावर लक्षात राहतं ना तिच्या? नशीबवान आहे तो माणूस."

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलं. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते पाट्यांवर आहे आणि पाट्यांवरच आहे. मुंबईत कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा असला की ग्रँट रोड स्टेशनला उतरून माणूस आपोआप त्या दिशेनं चालू लागतो. निघण्यापूर्वी मी कॉम्प्युटरचं मूळ बिल शोधून काढलं. आमचा कॉम्प्युटर असेंबल केलेला, २०१६ सालचा. सोसायटीतल्याच एका हुशार मुलानं सुटे भाग आणून जोडून दिला होता. तो आता कॅनडात असतो, आणि त्याचं बिल मी सरकारी कागदांच्या फाइलमध्ये जपून ठेवलं होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'मदरबोर्ड, १ नग. रॅम, १ नग. कॅबिनेट, १ नग.' ते कोणते नग, हे तो सोबत कॅनडाला घेऊन गेला.

दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे छतापर्यंत खोके, आणि पुढे गिऱ्हाइकांची अशी गर्दी की चेंगराचेंगरीत आपली पाळी आपोआप पुढे सरकते. काउंटरवरचा माणूस दोन मोबाइलवर बोलता बोलता तिसऱ्याशी व्यवहार करत होता. चौथा मी.

"बोला साहेब."

"रॅम हवी आहे. आठ जीबी."

"बोर्ड कोणता?"

"हिरवा."

त्यानं दोन्ही फोन खाली ठेवले. शेजारचा कॉलेजातला पोरगा माझ्याकडे ज्या नजरेनं बघू लागला, ती नजर मी रांग न लावता तिकीट मागणाऱ्या लोकांकडे बघताना वापरतो.

"डेस्कटॉप की लॅपटॉप?"

"डेस्कवर असतो." हे मात्र मी ठामपणे सांगितलं. मग खिशातून बिल काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते वाचलं, पालथं करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "घरी कोणी आहे का? डबा उघडून बोर्डावरचा नंबर वाचायला सांगा."

बायकोला फोन लावला. डाव्या बाजूचा पत्रा काढ, मागे दोन स्क्रू आहेत, असं सांगितलं. बराच वेळ नुसते आवाज येत राहिले. मग एक किंचाळी.

"काय झालं?"

"झुरळ. मेलेलं आहे. अहो, आत किती धूळ आहे! आणि हे काय, तुमचा चष्मा पुसायचा कपडा! दिवाळीपासून शोधतोय आपण." मी फोन स्पीकरवर ठेवला होता हे आता लिहायला हरकत नाही. काउंटरवर शांतता पसरली होती.

"तिथं काही लिहिलंय का ते वाच."

"खूप लिहिलंय. कुठून वाचू?"

"सगळ्यात मोठं अक्षर."

"सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे... हे स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द."

"ते नको. बोर्डवर. मधोमध."

"मेड इन चायना. पुढे तीन व्होल्ट. ते रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर आहे. पुढे एक लांब नंबर. आठ, आठ, शून्य, की बी? आठच..." शेजारच्या पोरानं 'तो सिरीयल नंबर आहे काकी' असं हळूच सांगितलं. मग एकदाचा आवाज आला, "एच, वन, वन, झिरो, एम, मग एक रेघ, मग... इथं लाल वायर आडवी आलीय. ती ओढू?"

"नको, नको!" या वेळी मी आणि दुकानदार एकदमच ओरडलो. "बस झालं," तो म्हणाला. "एच वन टेन. सिक्स्थ जनरेशन. डोळे झाकून डीडीआर फोर." त्यानं गुलाबी प्लास्टिकच्या पाकिटात एक पट्टी दिली, बिलावर 'रॅम, १ नग' असं लिहिलं, आणि पुन्हा दोन्ही फोन उचलले. बिल लिहिण्याची ती पद्धत ओळखीची वाटली, पण तोपर्यंत मागच्या गर्दीनं मला रस्त्यावर आणून सोडलं होतं.

दादरला गाडी बदलून डोंबिवलीच्या फास्टमध्ये चौथी सीट मिळाली. आनंदानं पाकीट काढून न्याहाळत होतो तर खिडकीशी बसलेले गृहस्थ वाकून म्हणाले, "फक्त एएमडीवर चालणारी तर नाही ना दिली?"

असा काही प्रकार असतो हे मला नवीन होतं. गृहस्थ खुलले. म्हणाले, स्वस्तातल्या काही पट्ट्या अशा येतात की त्यांच्यावरच्या चिप्सची मांडणी इंटेलच्या बोर्डांना कळतच नाही. आकार तोच, पिना तेवढ्याच, खाच जागेवर. बसते सुद्धा. पण मशीन सुरूच होत नाही. त्यांच्या भाच्यानं ऑनलाइन मागवली होती. एवढ्यात समोरच्यानं जी फोर्टी वन चिपसेटची कथा काढली. त्या जुन्या बोर्डांना कमी चिपांची चार जीबीची पट्टी दिसत नाही, सोळा चिपांचीच लागते. त्यानं म्हणे चिप मोजून घेतली होती. ठाण्यापर्यंत डबाभर तज्ज्ञ झाले होते. दारात लटकणाऱ्या एकानं आतल्या बाजूला मान वळवून "हीट सिंकवाली घ्यायची होती" असं सांगितलं. मी पाकीट खिशात घातलं आणि झोपल्याचं सोंग केलं. आमच्या गाडीत खरं सांगायचं तर राजकारणावर एवढं एकमत कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

घरी सगळं कुटुंब डब्याभोवती जमलं. अंगातली स्थिर वीज पट्टीला मारते, म्हणून आधी लोखंडाला हात लावायचा, हे मी वाचलं होतं. अण्णांनी खिडकीच्या गजाला हात लावायला लावला. बायकोनं चपला घालायला लावल्या. एवढं शुचिर्भूत होऊन मी पट्टी खाचेवर टेकवली आणि दाबली. बसेना. उलटी करून पाहिली. तशीही बसेना.

"जोर लाव," अण्णा म्हणाले.

"जोर लावायचा नसतो, अण्णा."

"मग बसणार कशी?"

नीट बघितल्यावर दिसलं की स्लॉटमधला उंचवटा एकीकडे आणि पट्टीची खाच दुसरीकडे, मध्ये काही मिलिमीटरचं अंतर. अण्णा उठले आणि हत्यारांच्या पेटीतून कानस घेऊन आले. "एवढंसं तर घासायचंय," ते म्हणाले. रेल्वेत त्यांनी याहून जाड पत्रे घासलेले. बायकोनं कानस काढून घेतली ती अजून त्यांना सापडलेली नाही.

या गोंधळात मुलगा क्लासहून आला. त्यानं डब्यात टॉर्च मारला आणि लाल वायर बोटानं बाजूला केली. तिच्याखाली नावाचं शेपूट होतं: डी ३.

म्हणजे असं, की सहाव्या पिढीचे ते इंटेल प्रोसेसर दोन्ही मेमऱ्या चालवू शकत. बोर्ड बनवणाऱ्यांनी मग एकाच एच ११० चिपसेटवर काही बोर्ड डीडीआर फोरचे काढले आणि काही, लोकांच्या जुन्या पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून, डीडीआर थ्रीचे. ओळखायची खूण नावाच्या अगदी शेवटी. कॅनडातल्या हुशार मुलानं आमचे पैसे वाचवण्यासाठी थ्रीचा घेतला होता.

"पण बाबा, डबा उघडायची गरजच नव्हती," मुलगा म्हणाला. "टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, किती स्लॉट भरलेत ते दिसतं. सोळाशे दिसला असता की लगेच कळलं असतं, डीडीआर थ्री. नाहीतर आतल्या जुन्या पट्टीवरचं स्टिकर वाचायचं. त्यावर सगळं छापलेलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

हे खरं होतं. वरच्या मजल्यापासून न्यू जर्सीपर्यंत मत घेऊन झालं होतं. घरातल्या घरात विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं पाकिटाकडे बघून मान हलवली आणि मागच्या पाटीकडे बोट केलं: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

"अहो, पण ही बसत नाही."

"पाकीट फोडलंय साहेब."

"पाकीट फोडल्याशिवाय बसत नाही हे कळणार कसं?"

हा प्रश्न त्यानं थोडा वेळ मनात घोळवला, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण व्यवसायात तत्त्वज्ञान आणायचं नाही असं ठरवून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. डीडीआर थ्री मात्र त्यानं सगळ्यात खालच्या ड्रॉवरमधून काढून दिली. ती घेताना मी आता तयार होतो. "एल आहे ना?" मी दरडावून विचारलं. नुसती थ्री दीड व्होल्टची, एल लावलेली १.३५ ची, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला दीड व्होल्ट सोसत नाहीत, असं इंटेलचं सांगणं. शेजारच्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी त्याला बोर्ड कोणता ते विचारलं. तो म्हणाला, "निळा."

थ्रीएल पट्टी खाचेवर बरोबर बसली. दाबताना बोर्ड असा वाकला की डोळे मिटून घ्यावेसे वाटले, आणि शेवटी कमरेत उसण भरताना येतो तसा 'कट्' आवाज आला. मशीन चालू केलं. पडदा काळा. आतून एक लांब बीप, थोडं थांबून पुन्हा लांब बीप.

"काहीतरी बोलतंय," बायको म्हणाली.

ही बायोसची भाषा असते, पण कुठल्या कंपनीचा बायोस त्यावर बीपचा अर्थ बदलतो. अण्णा कागद-पेन्सिल घेऊन बसले. मोर्स त्यांना येत असे आणि काही वेळानं त्यांनी जाहीर केलं की यात 'टी' खेरीज काही नाही. मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला. "भावोजी, रॅम काढून खोडरबरानं पुसा," तो म्हणाला, आणि या एका बाबतीत भारतातले झाडून सगळे मेकॅनिक त्याच्या पाठीशी आहेत. कॉम्प्युटर चालू होत नाही? खोडरबर. पडदा काळा? खोडरबर. मुलाच्या कंपासपेटीतलं रबर आणून पट्टीच्या सोनेरी पिना हलक्या हातानं पुसल्या, पट्टी पुन्हा बसवली. या वेळी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांचा आवाज आला. मघाशी एकीचाच आला होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते लक्षातच ठेवलं. खोडरबराचं श्रेय काढून घेणारा मी कोण?

मशीन सुरू झालं. जुनी चार आणि नवी आठ, बारा जीबी! मी सगळ्यांना बोलावून पडद्यावरची ओळ वाचून दाखवली. "इन्स्टॉल्ड रॅम, बारा जीबी." अण्णांनी चष्मा वर केला आणि त्याच ओळीतला पुढचा भाग वाचला. "त्यातली वापरण्याजोगी ३.४ जीबी."

बत्तीस बिटांचं विंडोज! त्याला मोजूनच येतं ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत. त्यापुढच्या मेमरीचे पत्ते त्याला लिहिताच येत नाहीत. म्हणजे चार जीबी, आणि त्यातूनही काही भाग ग्राफिक्स वगैरे मंडळी आधीच हडपतात. २०१६ साली मशीनमध्ये चारच जीबी होती म्हणून हुशार मुलानं ते टाकलं असणार. एकूण दोन वेळा लॅमिंग्टन रोड करून मी मशीनमध्ये एवढी मेमरी भरली होती की त्याला ती नुसती दिसत होती.

मग चौसष्ट बिटांचं विंडोज नव्यानं टाकणं आलं. फोटो, हिशेब, मुलाचे प्रोजेक्ट, सगळं पेनड्राइव्हवर काढून ठेवलं. राहिला तो मराठीचा जुना फॉन्ट. सोसायटीच्या आजवरच्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टात टाइप केलेल्या होत्या; तो गेल्यावर 'सर्व सभासदांनी थकबाकी त्वरित भरावी' ही नोटीस उघडली तर पडद्यावर नुसती चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची रांगोळी. घाईत तीच छापून फलकावर लागली. परिणामात काही फरक पडला नाही.

एवढं झाल्यावर खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मेमरीचा वेग मोजणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मुलानं टाकून दिलं होतं आणि त्यात दिसलं ७९८. मी सोळाशेचे पैसे मोजले होते! दुकानदारावर कोणत्या ग्राहक मंचात जायचं याची चौकशी मी सुरू केलीच होती. मुलानं समजावलं की डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माल पोचवणारी. ठोके आठशे, फेऱ्या सोळाशे. पट्टीच्या स्टिकरवर तिसराच आकडा होता, १२८००. तो दर फेरीला आठ बाइट धरून, सेकंदाला मेगाबाइटमध्ये. एकाच पट्टीचे तीन वेग, आणि तिन्ही खरे. ऑडिटर अशा हिशेबावर सही करत नाही, पण जेडेकला सोसायटीचं ऑडिट नसतं.

आता मशीन वेगवान झालं का? झालं. मुलानं त्याच संध्याकाळी ब्राउझरच्या चाळीस खिडक्या उघडल्या. बारा जीबी आहे म्हणे, वापरायला नको का? एक्सेलची शीट आता चहा निवायच्या आत उघडते. मशीन सुरू व्हायला मात्र अजून आंघोळ लागते. देवपूजा तेवढी वाचली. वरच्या मजल्यावरचा मुलगा एकदा येऊन पाच मिनिटं आवाज ऐकत बसला आणि म्हणाला, "काका, हार्ड डिस्क फिरतेय अजून? खरा वेळ तीच खातेय. आधी एसएसडी टाकायला हवी होती." सोळाच्या खाली बोलायचं नाही, हे मला जिन्यात सांगणारा हाच. मेहुणा म्हणाला, "मी तेव्हाच म्हणणार होतो."

हे सगळं २०२५ च्या उन्हाळ्यात, सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेपूर्वी हिशेब उघडावेत म्हणून केलेलं. सभा पार पडली, आणि १४ ऑक्टोबरला विंडोज टेन कंपनीनं निवृत्त केलं. इलेव्हन घ्यावं तर त्याच्या यादीत इंटेलची सहावी पिढी नाही. "वर्षभराचं एक्स्टेन्शन मिळतंय म्हणे," अण्णा पेपर वाचता वाचता म्हणाले. त्यांना स्वतःला मिळालं नव्हतं.

ती न बसलेली डीडीआर फोर पट्टी घरीच पडून होती. 'कधीतरी लागेल' या सदरात बायकोनं ती जुन्या चार्जरांच्या डब्यात टाकली होती. आणि वर्ष संपता संपता एआयच्या कारखान्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली. चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी तिकडे जास्त नफा पाहून जुन्या पट्ट्यांचं उत्पादन आवरतं घेतलं होतंच. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीर करून टाकलं की घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड आपण बंद करतोय. डीडीआर फोरच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या. मेहुण्याच्या पोर्टफोलिओतलं त्या वर्षात काही दुप्पट झाल्याचं ऐकिवात नाही. तो आला तेव्हा मी त्याला पट्टी लांबून दाखवली. तिचा मुक्काम चार्जरांच्या डब्यातून केव्हाच गोदरेजच्या कपाटात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी हलला होता.

एसएसडी घ्यायला मी त्याच दुकानात गेलो. गर्दी ओसरलेली होती. दुकानदारानं मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाला, "साहेब, ती डीडीआर फोर काय केली तुम्ही? पाकीट फोडलेलं असलं तरी चालेल. बिलाच्या भावानं परत घेतो."

मी चहा संपवला. मग त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट करून म्हटलं, "आमच्या घरीही तशीच एक लावलीय."